शेवटच्या पानावरचा शेरा

“शिफारसपत्र नाही, तर शिष्यवृत्ती नाही. नियम म्हणजे नियम, आजी!” विभागप्रमुख प्रभुदेसाई सरांनी पुन्हा टेबलावर हात आपटला.

“आजी मी घरी, नातवंडांची. इथं मी विद्यार्थिनी कुसुमावती दांडगे,” मी सुनावलं.

एम.ए. इंग्रजीच्या निबंधस्पर्धेत मी पहिली आले होते. वय सदुसष्ट, परीक्षा बाहेरून. तीस वर्षं मी पुस्तकांची बांधणी केली आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचून इंग्रजी शिकले. ही शिष्यवृत्ती हुकली असती तर माझं एम.ए. अर्ध्यावर सुटलं असतं.

“तुम्हाला शिकवलं कोणी?” सरांनी विचारलं.

“कोणीच नाही.”

“मग तुमच्या इंग्रजीची ग्वाही कोण देणार? एका तरी प्राध्यापकाचं लेखी मत आणा, सहीनिशी. या क्षणी मंजूर करतो!” सर हसले. शेजारचे दोघे प्राध्यापकही हसले.

मी पिशवीतून माझा तपासलेला निबंध काढला. स्पर्धेच्या निबंधावर नाव घालत नाहीत, नुसता क्रमांक असतो. कोणाचं लिखाण तपासतोय, हे तपासणाऱ्याला कळत नाही. शेवटच्या पानावर लाल शाईत शेरा होता. तो मी खणखणीत आवाजात वाचला: ‘इतकं कसदार इंग्रजी दहा वर्षांत वाचलं नाही. या विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती द्यायलाच हवी.’

सरांचं हसू मावळलं. मी ते पान त्यांच्यापुढे सरकवलं.

“हे घ्या प्राध्यापकाचं लेखी मत, आता एक तर खालची सही तुमची नाही म्हणून सांगा, नाहीतर दुसरी सही मंजुरीवर करा!”