राजा शूलपाणीचे पहिले वल्हे

एका राज्यात एक सरोवर होते, इतके निळे की त्यावरून उडणाऱ्या बगळ्यांचे पंखही निळे होत. त्याच्या मधोमध एक बेट होते. एका मांत्रिकाने राजा शूलपाणीची एकुलती कन्या मंजुघोषा हिला त्या बेटावर पळवून नेले आणि पाण्याला शाप दिला: सराईत हाताने घडवलेले वल्हे इथे मिठासारखे विरघळेल. काठावरचे कोळी हताश होऊन बसले. बेटावर राजकन्या पायांपासून हळूहळू पाषाण होऊ लागली.

सातव्या दिवशी एक खंड्या राजाच्या गवाक्षात येऊन बसला.

"राजा, पाषाण तिच्या कमरेपर्यंत चढला आहे. ज्याने कधी लाकूड तासले नाही, त्याने झाडाकडून फांदी मागावी, वल्हे एकट्याने घडवावे, एकट्याने पार जावे. ते वल्हे बेटाला टेकले की शाप सुटेल."

राजा स्वतःच उठला. वनात जाऊन जुन्या सागापुढे उभा राहिला.

"एक फांदी हवी."

"कोणासाठी?" सागाने विचारले.

"लेकीसाठी."

फांदी अलगद खाली आली.

अंगणात राजा वाकस घेऊन तासायला बसला. वृद्ध सुतार तुळाजी हात पाठीशी बांधून समोर उभा राहिला. त्याचा नुसता स्पर्श झाला असता, तरी वल्हे वाया गेले असते. पहिल्याच घावाला वाकस उसळला.

"हे लाकूड ऐकत का नाही?"

"महाराज, त्याला हुकूम कळत नाही. रेषा धावतात त्या अंगाने तासावे."

राजा तासत राहिला. ढलप्या जमिनीला टेकताच फुलपाखरे होऊन उडत. तळहातांना फोड आले, फुटले. तिसऱ्या दिवशी पाते पातळ झाले, पण एका अंगाला कलले.

"तुळाजी, बिघडले रे!"

"पहिलेच आहे, महाराज. पाणी कापेल."

सरोवरात राजाची होडी आधी नुसतीच गोल फिरली. मग राजा डावीकडे दोनदा, उजवीकडे एकदा असे वल्हवू लागला, तशी ती सरळ निघाली. पाण्याने वल्हे चाटून पाहिले आणि वाट दिली.

मंजुघोषा आता गळ्यापर्यंत पाषाण झाली होती. वाकड्या पात्याचे टोक वाळूत रुतले, त्याच क्षणी मांत्रिक धुके होऊन विरला आणि तिच्या अंगावरचा दगड वाळल्या चिखलासारखा गळून पडला.

"बाबा, तुमचे हात!"

"लागले थोडे."

तिने त्याच्या हातातून वल्हे घेतले. परतताना कोळ्यांच्या होड्या सामोऱ्या आल्या. त्यांची वल्ही पुन्हा पाण्यात टिकत होती. राजा मात्र लेकीच्या पायाशी गाढ झोपला होता. काठ आला, तरी त्याला कोणी उठवले नाही.