घाटातला गूळ

एकदा एका गडाखाली एक वृद्ध जासूद राहत असे. उमेदीत त्याने मुलूखभर पायी धावत निरोप पोहोचवले होते; आता तो तरुणांना धावणे शिकवी. सारे त्याला आबा म्हणत. त्याचे शिष्य दोन: गरीब विधवेचा मुलगा रायाजी आणि गुऱ्हाळवाल्याचा मुलगा सुभाना. दर माघी पौर्णिमेला गडापर्यंत शर्यत होई. पहिला येईल त्याला जासुदाची चाकरी. रायाजीच्या घरची चूल त्या चाकरीकडे डोळे लावून बसली होती.

पावसाळ्यापासून आबांनी दोघांच्या भाकरीवर तुपाची धार धरली. शर्यत चार दिवसांवर आली आणि तूप एकाएकी बंद! ताटात नुसता भात, भाकरी, गूळ. रायाजीला वाटले, पाणी कुठेतरी मुरते आहे. त्यातच आबा सुभानाच्या घरातून उपरण्याखाली काही झाकून नेताना त्याला दिसले. झाले! आबा सुभानाच्या बापाला विकले गेले, असे त्याने धरले. संशयाला कोणी जेवू घालावे लागत नाही, तो आपला आपण पोसतो. आबांनी दिलेला घासही रायाजी हुंगून खाऊ लागला. शर्यतीच्या पहाटे त्याने आईने जपून ठेवलेले वाटीभर तूप गटागटा पिऊन टाकले.

सपाटीवर तो पुढे होता. घाट लागला तशी मळमळ सुरू झाली, पाय जड झाले. वळणावर आबा गुळाच्या पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. सुभाना प्यायला आणि निघून गेला. रायाजीने हात मागे घेतला. आबांनी त्याच्याकडे पाहिले, स्वतः एक घोट घेतला आणि तांब्या पुन्हा पुढे केला. रायाजी शरमेने प्यायला, पण उशीर झाला होता. चाकरी सुभानाला मिळाली.

संध्याकाळी तो आबांच्या पायाशी बसला. "आबा, तुमास्नी समदं ठावं हुतं?"

"तुपाचा वास लपतो व्हय रं?" आबा म्हणाले. "गोवरी धुमसत ऱ्हाती, दूध आटवाया तीच लागती. भाकरी फुगवाया मातूर काटक्यांचा जाळ हवा. लांबच्या संथ वाटंला तूप गोवरीवानी कामी येतं. घाटात जाळ हवा, म्हनून गूळ."

"आन् उपरण्याखाली काय हुतं?"

"त्योच गूळ. सुभानाच्या बापाकडं मागितला, तुझ्यासाठी. मागून आनल्यालं चारचौघांत कशाला मिरवायचं?"

रायाजीला हुंदका आवरेना. आबांनी गुळाचा उरलेला खडा त्याच्या हातावर ठेवला. "फुडच्या माघात पुन्यांदा धाव."

रायाजीने तो खडा न हुंगता तोंडात टाकला.