समुद्रफुलाला घातलेले चार टाके

"मरेल का हो?"

आबा मयेकरांनी बादलीवरचं झाकण अजून उचललंही नव्हतं.

"कोण?"

"समुद्रफूल. तुम्हीच दिलेलं. सहा वर्षांपूर्वी."

"आधी हात धू," आबा म्हणाले. "साबण नको. समुद्राच्या पाण्यान."

डॉ. मृदुला इंगवले यांना 'हात धू' म्हणून सांगणारा माणूस कोल्हापुरात तरी उरला नव्हता. बावीस वर्षं बाळंतपणं करून बाईंनी नाव कमावलं होतं, आणि नावाबरोबर थोडा ताठाही. पण त्यांनी मुकाट्याने हात धुतले. चार तास गाडी हाकत त्या मालवणला आल्या होत्या. घाटात 'अति घाई संकटात नेई' अशा पाच पाट्या लागतात. बाईंनी एकही वाचली नव्हती.

आबांचं शिक्षण चौथी. किनाऱ्यावरच्या एका संशोधन केंद्रात त्यांनी चौतीस वर्षं खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळल्या. तिथे मोठमोठे शास्त्रज्ञ आले आणि निवृत्त झाले, पण टाकीतलं काही आजारी पडलं की सगळे आबांनाच शोधायचे. घरच्या काचेच्या टाकीत समुद्र कसा जगवायचा, हे डॉक्टरीणबाई त्यांच्याकडेच शिकल्या होत्या.

"काय झाला?"

"सकाळी बघितलं तर ताणलं गेलं होतं. तोंड मधोमध चिरल्यासारखं. बूड दोन्हीकडे ओढत होतं, आतलं मांस बाहेर आलं होतं. फाटत होतं, आबा! माझ्या डोळ्यांसमोर फाटत होतं."

"मगे?"

"मग... मी टाके घातले."

आबांनी झाकण उचललं. आत तळहाताएवढा दगड होता, दगडाला चिकटलेलं ते फूल होतं, नावालाच फूल, खरं तर बोटं हलवणारा मऊ समुद्री प्राणी, आणि फुलाच्या मधोमध निळ्या धाग्याचे चार टाके होते. टाके सुबक होते, त्यात खोट काढायला जागा नव्हती. फक्त प्रत्येक टाक्याखाली मांस कातरत चाललं होतं.

आबांनी बादली उजेडाकडे वळवली.

"तुझ्या हातान किती बाळंतपणां झाली गो?"

"नऊ हजारांच्या वर."

"नि ह्यां काय चल्लला, ता तुका वळखूक येवक नाय?"

समुद्रफूल स्वतःला मधोमध फाडतं आणि एकाची दोन होतात, हे डॉक्टरीणबाईंना ठाऊक होतं. पुस्तकात त्या ओळीखाली त्यांनी पेन्सिलीने रेघसुद्धा मारली होती.

"मला ते दिसलंच नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "मला फक्त फाटलेलं दिसलं."

आबांनी बादलीत बोट बुडवून पाणी पाहिलं.

"एकवीस दिवसांपूर्वी माझ्या टेबलावर एक बाई गेली, आबा. पहिलटकरीण होती. मूल वाचलं. रक्त थांबेना. सगळं केलं मी, सगळं. तिच्या माणसांनी मला हात जोडले आणि सगळे निघून गेले. शिव्या तरी द्यायच्या होत्या! तेव्हापासून मला थांबवत नाही. कळा जरा लांबल्या की मी सुरी मागते. गरज नसते. मला कळतं की गरज नाही. तरी मागते."

आबांची नजर फुलावरच होती.

"हेही माझ्या हातून गेलं ना, तर मी पुन्हा हातमोजे घालणार नाही. दवाखान्याची पाटी उतरवते. इथे येतानाच ठरवून आलेय."

'तुझा काही दोष नव्हता गो' असं म्हणायला तिथे दुसरा कुणीतरी हवा होता. आबा घरात गेले आणि नखं कापायची कातर घेऊन आले. ती त्यांनी समुद्राच्या पाण्यात बुचकळली, हात बादलीत घातला आणि नुसताच धरून ठेवला. फुलाची बोटं आधी आक्रसली. मग हळूहळू सैल झाली. तेव्हा कुठे त्यांनी एक टाका कापला, मग दुसरा, मग तिसरा.

कातर त्यांनी पुढे केली.

"चौथो तू काप."

"मी? मी आता काही कापणार नाही."

"टाको तुझो."

चौथा टाका कापायला डॉक्टरीणबाईंना जेवढा वेळ लागला, तेवढ्यात त्या एरवी एक मूल बाहेर काढतात.

"आता?"

"आता हात बुडाखाली घाल नि बस."

"काय?"

"बुडाखाली. स्वताच्या."

कोल्हापुरातल्या नामांकित डॉक्टरीणबाई, सांगितलेलं न ऐकणाऱ्या पोरीसारख्या, दोन्ही हात मांडीखाली दाबून सारवलेल्या ओटीवर बसल्या. समोर बादली. हवेचा छोटा पंप बुडबुडत होता.

अर्धा तास गेला.

"काहीच होत नाही, आबा."

"बस."

"चिमट्याने जरा ओढून मोकळं केलं तर? एक बारीक छेद दिला तर लवकर..."

"बस."

"पाणी गढुळलंय बघा."

आबा उठले आणि चुलीवरची पेज ढवळायला आत गेले. जाताना मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. म्हातारा मोठा निर्दय, असं तेव्हा बाईंना वाटलं, आणि ते त्यांनी नंतर स्वतःच कबूल केलं.

एकटं बसणं फार वाईट. फूल ताणलं जात होतं. मधला भाग आता दोऱ्याएवढा उरला होता आणि तो तुटत नव्हता. मनात पुन्हा पुन्हा तेच टेबल, तीच पांढरी पडत चाललेली बोटं. त्यांचा उजवा हात दोनदा बाहेर आला. दोनदा त्यांनी तो पुन्हा मांडीखाली ढकलला. तिसऱ्यांदा मात्र त्या सरळ रडायला लागल्या, हातांवर बसूनच, डोळे पुसायचीही सोय नव्हती.

आबा पेजेची वाटी घेऊन बाहेर आले तेव्हा दोरा तुटलेला होता.

अर्धं फूल दगडाला घट्ट धरून होतं. उरलेलं अर्धं बादलीच्या तळाशी पडलं होतं, पिळून टाकलेल्या रुमालासारखं. त्याची बोटं हलत नव्हती.

"ते गेलं," बाई म्हणाल्या. "एक गेलं, आबा. टाक्यांनीच गेलं."

"वास घे."

"काय?"

"मेला काय लगेच घाण सुटता. नाक खाली घाल, वास घे."

डॉक्टरीणबाई बादलीवर वाकल्या. त्यांनी श्वास घेतला. पुन्हा घेतला... तिसऱ्यांदा इतका खोल घेतला की नाकाच्या शेंड्याला पाणी लागलं.

"कसलो वास?"

"समुद्राचा," त्या म्हणाल्या. "नुसता समुद्राचा."

"मगे झाला."

पेज थंड होत होती. आबांनी खाली पडलेलं अर्धं फूल ओंजळीत उचललं आणि दगडाच्या दुसऱ्या अंगाला, जिथे थोडी खाच होती, तिथे ठेवलं. दाबलं नाही. पहिल्यांदा ते घसरलं. त्यांनी पुन्हा ठेवलं. दुसऱ्यांदा ते तिथेच राहिलं.

बाई दगडाकडे बघत होत्या. एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला.

"आबा, यातली आई कुठली?"

आबांनी पेजेची वाटी उचलली.

"सांगा ना. मला कळायला नको? उद्या एकच वाचवायची वेळ आली तर मी कुणाकडे धावायचं? जुनं कुठलं, नवं कुठलं?"

आबांनी पंपाची नळी सरळ केली.

"तुम्हालाही माहीत नाही?"

आबा पेजेचा एक घोट प्याले.

"नको," डॉक्टरीणबाई एकदम म्हणाल्या. "मी नाही नेत ही परत. तुमच्याकडेच राहू देत. तुमच्या हाताखाली जगतील. माझ्याकडे यातलं एखादं जरी..."

आबांनी वाटी खाली ठेवली. बादलीत ताजं खारं पाणी घातलं, झाकण लावलं, पंप तपासला. मग बादलीची कडी बाईंच्या उजव्या हातात दिली आणि वरून त्यांची बोटं एकेक करून मिटली.

"आठ दिसांनी," आबा म्हणाले, "दोघांकय भूक लागतली."