तांब्या कोणत्या हाताला?

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, कारण ज्यांनी मला सांगितली त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. पण गोष्ट कामाची आहे. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी.

एका राज्यात पाच आरोग्यशाळा होत्या. आजारी माणूस तिथे यायचा, बरा होऊन घरी जायचा. वैद्य नाडी बघत, काढे देत. पण नुसत्या काढ्याने कुणी उठून बसतं का? माणसाला धुतलेलं पांघरूण लागतं, वेळेवर पेज लागते, हाकेला ओ देणारं कुणी लागतं. हे सगळं जमवून आणणाऱ्याला कारभारी म्हणत. नाव वैद्याचं व्हायचं, धावपळ कारभाऱ्याची व्हायची. आजही काही फार बदललं आहे असं मला वाटत नाही.

नदीकाठच्या आरोग्यशाळेच्या कारभारीण होत्या मथुराबाई. खलबत्त्यात औषधं कुटण्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि स्वतःच्या हिमतीवर कारभारीणपदाला पोचल्या. बाई मोठी कर्तबगार. एका पावसाळ्यात तापाची साथ आली, तेव्हा त्यांनी तापकऱ्यांच्या खाटा वेगळ्या ओसरीत हलवल्या, प्रत्येकाचं भांडं वेगळं केलं, आणि शेजारच्या गावांत माणसं जात असताना त्यांच्या शाळेतून एकही तिरडी निघाली नाही. असं काम करणाऱ्याचं कौतुक करायलाच हवं, आणि लोक करतही.

त्यांची शाळा बघायला लांबून माणसं येत. बत्तीस खाटा, आणि प्रत्येक खाटेच्या उजव्या हाताला, तिवईवर, पाण्याचा तांब्या. दोरी लावून मांडावेत तसे बत्तीसच्या बत्तीस एका ओळीत. राजा एकदा आला आणि दारातच थांबला. म्हणाला, "वा! फौजेची रांगसुद्धा इतकी सरळ नसते." त्या दिवसापासून ती रांग म्हणजे मथुराबाईंचा जीव की प्राण झाली.

रोज सकाळी त्या फेरी मारत. आणि रोज सकाळी एक-दोन तांबे जागचे हललेले असत. कुठला डावीकडे, कुठला पायथ्याशी. मथुराबाई ते उचलून पुन्हा उजवीकडे ठेवत. तिथे कोंडामावशी म्हणून एक वयस्क सेविका होत्या, तांबे हलायचे ते त्यांच्याच हातून. मथुराबाई म्हणत, "मावशी, किती वेळा सांगायचं? तांब्या उजवीकडे!" कोंडामावशी खाली मान घालून म्हणत, "चुकलं, बाई." दिवसभर रांग सरळ राही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तांब्या हललेला.

'वय झालं बिचारीचं, लक्षात राहत नाही,' असं मनाशी म्हणून मथुराबाई तो तांब्या सरळ करत. आपण किती सोशीक आहोत, याचं त्यांना थोडं बरंही वाटे. बारा वर्षं हे असं चाललं.

आता पाचही आरोग्यशाळांवर एक थोरले कारभारी असत. त्या वेळी अंताजी होते. त्यांचे गुडघे थकले, तेव्हा त्यांनी राजाला सांगितलं, "महाराज, आता दुसरं माणूस बघा. दोन नावं आहेत. नदीकाठच्या मथुराबाई आणि डोंगरावरच्या शाळेचे रायाजी."

मथुराबाईंनी ऐकलं आणि मनातल्या मनात मांडे भाजायला घेतले. डोंगरावरची शाळा त्यांनी एकदा बाहेरून पाहिली होती. तिथल्या भिंतीचा चुना उडालेला आणि अंगणात धोतरं वाळत घातलेली. ही काय बरोबरी झाली? पद आपलंच, आता फक्त शाल खांद्यावर पडायची बाकी, असं त्यांना वाटलं. पाच शाळा हातात आल्या तर पाचही नदीकाठच्या शाळेसारख्या करू, हे त्यांचं कित्येक वर्षांचं स्वप्न होतं.

पण या पदाची एक जुनी रीत होती. वर चढणाऱ्याने आधी आडवं व्हायचं. उजवा हात आणि उजवा पाय बांबूच्या कामट्यांत बांधून, झाडावरून पडलेल्या माणसासारखं, दुसऱ्याच्या शाळेत तीन दिवस खाटेवर पडून राहायचं. हुकूम द्यायचा नाही, कोण आहोत ते सांगायचं नाही. तीन दिवसांनी दरबारात यायचं आणि काय पाहिलं ते बोलायचं.

"पडून काय दिसणार, अंताजी?" मथुराबाईंनी विचारलं.

अंताजी हसले. "बाई, उभ्याने तुम्ही बारा वर्षं पाहिलंत. आता जरा छताकडे बघा."

रायाजी नदीकाठी गेले आणि मथुराबाई डोंगरावर. तिथे हौसाबाई नावाची धिप्पाड, मोठ्या आवाजाची सेविका होती. तिने मथुराबाईंना खाटेवर निजवलं आणि पहिलाच प्रश्न केला, "आई, पाणी कंच्या हातानं पिणार?"

"म्हणजे?"

"उजवा तर बांधलाय तुमचा. मग तांब्या डावीकडं ठिवते. आन् कूस बदलली तर हाक मारा, मी फिरवून ठिवीन."

मथुराबाईंनी मान वळवून ओसरीभर पाहिलं. काय तो पसारा! एक तांब्या इकडे, एक तिकडे, एक तर चक्क खाटेच्या बाजूला दोरीने टांगलेला. त्यांच्या हाताला खाज सुटली. हात बांधलेला नसता तर उठून सगळे सरळ केले असते. 'दरबारात सांगायला पहिली गोष्ट मिळाली,' असं त्यांनी मनात टिपून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन तापलं. सेविका जेवायला बसल्या होत्या. मथुराबाईंना जाग आली ती घसा सुकून. जीभ टाळूला चिकटली होती, हाक मारावी तर आवाज फुटेना. उजवी बाजू बांधलेली, वळता येत नव्हतं. आणि डावा हात सहज खाली गेला तो थेट तांब्यावर.

त्या पाणी प्यायल्या. घटाघटा प्यायल्या. आणि तांब्या खाली ठेवता ठेवता त्यांचा हात तसाच थांबला.

आपल्या शाळेतल्या सातव्या खाटेवर एक कुंभार होता. उजवा खांदा निखळलेला. त्याचा तांब्या कुणीतरी डावीकडे ठेवला होता, आणि मथुराबाईंनी स्वतःच्या हाताने तो उचलून उजवीकडे ठेवला होता. तो काहीतरी बोलायला गेला होता, पण त्या तोवर आठव्या खाटेकडे वळल्या होत्या. त्याच्या आधी कितीजण होते? बारा वर्षांत रोज सकाळी एक-दोन.

कोंडामावशींना विसर पडत नव्हता. त्यांना नेमकं आठवत होतं, कुणाचा कुठला हात चालतो ते. मथुराबाई रोज सकाळी चूक सुधारत नव्हत्या, रोज सकाळी चूक करत होत्या.

संध्याकाळी हौसाबाई पेज घेऊन आली, तेव्हा त्यांनी विचारलं, "कुठल्या हाताने पिणार, हे विचारायला तुला रायाजींनी शिकवलं का?"

"छ्या! त्यांना काय म्हाईत? एक म्हातारी तांब्याकडं बघून रडत हुती, तवा मीच फिरवला. रायाजी म्हणले, झ्याक केलंस, आता समद्यांना सांग." हौसाबाईने पेजेचा चमचा पुढे केला. "आ करा, गार हुतीय."

मथुराबाईंनी आ केला, पण त्यांचं मन पेजेत नव्हतं. सगळं खरं सांगितलं तर पद हातचं जाणार, हे त्यांना कळलं होतं. स्वतःच्या चुकीबद्दल गप्प राहिल्या तर मात्र अजूनही मिळू शकत होतं. उडालेला चुना होता, धोतरं होती, वेडेवाकडे तांबे होते. हे सांगितलं असतं तर त्यात खोटं काहीच नव्हतं.

चौथ्या दिवशी दरबार भरला. मथुराबाईंना आधी बोलायला सांगितलं.

त्या उठल्या. "महाराज, डोंगरावरच्या शाळेत तांब्यांची रांग नाही. ते पाहून मी नाक मुरडलं होतं. मग मला तहान लागली." आणि त्यांनी काहीही हातचं न राखता सगळं सांगितलं. कुंभाराचं सांगितलं, कोंडामावशींचं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही ज्या रांगेचं कौतुक केलंत, ती मी तुमच्यासाठी लावली होती. रोग्यासाठी नाही. रायाजींची शाळा माझ्याहून चांगली आहे."

मग रायाजी उभे राहिले. त्यांच्या हातात लिहून आणलेला कागद होता, तो त्यांनी घडी करून कमरेला खोचला. "माझं अर्धं बोलणं बाईंनीच बोलून टाकलं, महाराज. तीन दिवस मला एक म्हातारी बाई लपून पाणी पाजत होती आणि 'बाईंना सांगू नका' म्हणत होती. उरलेलं अर्धं सांगतो. तापकऱ्यांची वेगळी ओसरी आणि वेगळी भांडी मी तिथे पाहिली. माझ्याकडे गेल्या साथीत चौघं गेले. ही अक्कल मला आधी आली असती तर कदाचित गेले नसते. मी उद्यापासून ते करणार आहे."

अंताजींनी रायाजींचं नाव सुचवलं आणि राजाने शाल रायाजींच्या खांद्यावर घातली. मथुराबाईंनी सगळ्यांच्या आधी त्यांचं अभिनंदन केलं. वाईट वाटलं का? वाटलं. उगाच खोटं कशाला सांगू? परतीच्या वाटेवर त्यांनी दोनदा पदराने डोळे पुसले. पण शाळेच्या दारात पोचल्यावर पहिली हाक मारली ती कोंडामावशींना.

"मावशी, तांब्या तुम्ही मुद्दाम हलवायचात ना?"

मावशी घाबरल्या. "चुकलं, बाई."

"नाही, मावशी. चुकलं ते माझं. पण मला कधी सांगितलं का नाहीत?"

कोंडामावशींनी पहिल्यांदाच मान वर केली. "तुम्ही इचारलं कवा, बाई? तुम्ही निस्तं सांगितलं."

त्या दिवसापासून मथुराबाईंची सकाळची फेरी लांबली. आधी घटकाभरात उरकायची, आता दोन प्रहर लागू लागले, कारण त्या प्रत्येक खाटेपाशी थांबून विचारू लागल्या. सेविकांनाही विचारू लागल्या. सुरुवातीला कुणी तोंड उघडेना. बारा वर्षांची भीती काय एका दिवसात जाते? मग एकदा स्वयंपाकीण चाचरत म्हणाली की, काढा दाराकडून वाटत आणतात, म्हणून शेवटच्या खाटेला गार मिळतो. दुसऱ्या दिवसापासून दोघीजणी दोन्ही टोकांकडून काढा वाटू लागल्या. मग हळूहळू सगळ्यांनाच कंठ फुटला.

आणि मथुराबाईंनी आणखी एक गोष्ट केली. दर वर्षी तीन दिवस त्या एकेका शाळेत जाऊन कामट्या बांधून पडू लागल्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुठलं पद रिकामं नव्हतं. लोक गमतीने त्यांना 'पडीक बाई' म्हणू लागले. त्यांनाही हसू यायचं. पण प्रत्येक वेळी काही नवं शिकून त्या परत येत.

अशी सात वर्षं गेली. रायाजींनी काम उत्तम केलं, पण त्यांची दृष्टी अधू झाली. तेव्हा त्यांच्या जागी कुणाला नेमायचं हे ठरवायला राजा स्वतः त्यांच्याबरोबर शाळा बघायला निघाला. नदीकाठच्या शाळेच्या दारात तो थांबला, त्या जुन्या दिवशी थांबला होता तसाच. आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"हे काय? इथली ती सुंदर रांग कुठे गेली?"

मथुराबाई उत्तर द्यायला पुढे होणार, तेवढ्यात खाटांमधून एक वाकलेली म्हातारी सरळ राजासमोर येऊन उभी राहिली. तिच्या हातात भरलेला तांब्या होता.

"रांग मोडली, म्हाराज," कोंडामावशी म्हणाल्या, "पर आता तान्हेला कुनी ऱ्हात न्हाई. बाजूला व्हा जरा, त्या आजोबाला पानी द्यायचंय."

राजा बाजूला झाला. हसू दाबत त्याने रायाजींकडे पाहिलं. "रायाजी, सात वर्षांपूर्वी हीच बाई लपून पाणी पाजत होती ना?"

"हीच, महाराज."

"आणि आज ती मला बाजूला हो म्हणते." राजाने क्षणभर विचार केला. "मग थोरल्या कारभाराची शाल कुणाला द्यायची, हे मी कशाला विचारतोय?"

शाल त्याच दिवशी, त्याच ओसरीत, मथुराबाईंच्या खांद्यावर पडली. रीतीप्रमाणे तीन दिवस आडवं व्हायला हवं होतं, पण रायाजी म्हणाले, या वर्षीचं बाईंचं आधीच झालं आहे. मथुराबाईंनी शाल काढून जपून घडी केली, कोंडामावशींच्या खांद्यावर ठेवली, आणि दुसरा तांब्या भरायला गेल्या.

म्हणून सांगतो, लहानथोरांनो: ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांच्या जागी जो आधी आडवा होऊन पाहतो, तोच खरा वर चढतो.