येसू तारीण

करंजखोलच्या खाडीवर पूल व्हायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. नेमकी कधीची, ते सांगणारं आता कुणी उरलं नाही. तेव्हा अलीकडे करंजखोल आणि पलीकडे वाड्या, आणि मधे पाणी. वाड्यांतली तरणी माणसं पोटामागे मुंबईला गेलेली. मागे राहिली ती म्हातारी माणसं आणि त्यांचे माड.

करंजखोलात एक वाचनालय होतं. गावानं वर्गणी काढून बांधलेलं, कौलारू, धक्क्यापासून वर पायऱ्या चढत जाणारं. पलीकडची माणसं पाय धड होते तोवर होडीनं येऊन पुस्तकं नेत. पाय गेले की पुस्तकंही जात. कुणी त्याचा बोभाटा करत नसे. म्हातारपणात बरंच काही सुटतं, त्यातलंच हे एक, असं धरून चालत.

या खाडीवर माणसं पार नेणारी तर, म्हणजे होडी, येसू चालवायची. बाप गेला तेव्हा घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तिनं वल्हं हातात घेतलं. काळीसावळी, उंच, मोठ्या हाडाची. असं म्हणतात, की भरतीच्या उलट होडी घालायची तर खाडीवर दोघांनाच जमे, एक वाऱ्याला आणि एक येसूला.

खारवाडीत बयोआजी राहायची. एकटी, गुडघे आखडलेली. एकदा तिनं येसूला हाक मारली, फडक्यात बांधलेलं, कधीचं परत करायचं राहिलेलं एक पुस्तक दिलं आणि म्हणाली, "एवढं नेऊन दे गो. आणि यापुढचा भाग मिळाला तर आण. राणी वनवासाला निघालीय, तिला तशीच दारात उभी ठेवून मला झोप लागत नाही."

येसू वाचनालयात गेली. चिटणीस नाना लिमये सरळ माणूस, पण नियमाचा. ते म्हणाले, "सभासदानं स्वतः यायला हवं. होडीतून पुस्तकं जायला लागली तर निम्मी खाडीच वाचेल."

येसू पायऱ्या उतरली, होडी घेऊन गेली आणि बयोआजीला पाठीवर घेऊन परत आली. लहान लेकराला घेतात तसं, आजीचे हात गळ्यात. सगळा बाजार बघत होता. ती तशीच वाचनालयाच्या पायऱ्या चढू लागली. "आजी आल्यात स्वतः," ती म्हणाली. "पलीकडे अजून बरेच आहेत. एकेकाला आणते."

आजीला एवढ्या वर्षांनी पुस्तकांचा वास आला आणि ती येसूच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. नाना खुर्चीवरून उठले. त्यांनी पुढचा भाग काढला, आजीच्या हातात दिला आणि म्हणाले, "पुन्हा एवढा त्रास घेऊ नका. येसूबरोबर निरोप धाडा."

तेव्हापासून येसूची फेरी सुरू झाली. एका मोठ्या तांब्याच्या हंड्यात ती पुस्तकं भरायची, तोंडाला मेणकापड बांधायची आणि वाडी वाडी करत खाडीच्या टोकापर्यंत जायची. तिला स्वतःला वाचता येत होतं ते पुस्तकांच्या नावांपुरतं. पण कुणाला रडायचंय, कुणाला हसायचंय, कुणाला नुसती सोबत हवीय, हे ती दारातून तोंड बघून ओळखायची.

खाडीच्या अगदी टोकाला सुरंगवाडी. तिथं जनार्दन घाग राहायचा, आईबरोबर. माडावरून पडला तेव्हा त्याचं लग्न ठरलेलं होतं. जीव वाचला, पण कमरेखालचं अंग गेलं आणि लग्नही मोडलं. तो खिडकीपाशी खाटेवर पडून असायचा आणि खिडकीतून खाडी दिसायची.

पहिल्यांदा पुस्तक दिलं तेव्हा येसू निघता निघता म्हणाली, "यात काय आहे, ते मला काय कळणार?"

"मग ऐक," जनार्दन म्हणाला. त्यानं खिडकी सताड उघडली आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. येसू होडी हाकत राहिली आणि आवाज तिच्या पाठीमागून येत राहिला. तिवरांच्या वळणाशी तो तुटला. तिनं वल्हं थांबवलं. होडी मागे घ्यावी असं तिला वाटलं, पण ओहोटीनं वळणावरचं पाणी आटत चाललं होतं.

पुढच्या खेपेला आवाज वळणाच्या थोडा पलीकडे आला. असं म्हणतात, की दर फेरीला तो वाढत गेला. आधी तिवरांपर्यंत, मग बांधापर्यंत, मग खारवाडीपर्यंत. पाणी त्याला पुढे पुढे नेऊन द्यायचं. शेवटी शेवटी तर वाचनालयाच्या खालच्या पायरीवर पाय सोडून बसलं, की सुरंगवाडीतला शब्द न शब्द ऐकू यायचा. ज्यांचे डोळे गेले होते ती म्हातारी माणसं संध्याकाळी खिडकीला कान लावून बसायला लागली. जाळी टाकणारे जाळी धरून थांबायचे. मासेही थांबत, असं सांगतात. ते खरं की खोटं, देव जाणे.

येसूला मात्र ठाऊक होतं, आवाज कुणासाठी निघालाय ते. त्यालाही ठाऊक होतं. बोललं कुणीच नाही. ती पुस्तक द्यायची, तो घ्यायचा. बोटाला बोट लागायचं नाही, अशा बेतानं.

एकदा तिला राहवलं नाही. जनार्दनची आई परसात होती. येसू खाटेपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "मी इथंच राहते. आईंनाही हाताशी माणूस हवं."

जनार्दननं तोंड खिडकीकडे वळवलं. "नको," तो म्हणाला.

"का? लोकांना भितोस?"

"लोकांना नाही. तू इथं राहिलीस तर मी वाट कुणाची बघू? मला चालता येत नाही, येसू. वाट बघणं तेवढं येतं. आणि बयोआजीनं कुणाची बघायची? त्या बाकीच्यांनी?"

"आणि मी?" येसूनं विचारलं.

त्यानं पुस्तक उघडलं. ती रागानं निघाली. वल्ही पाण्यावर अशी आपटत गेली, की तिवरातले बगळे उडाले. मागून आवाज आला, नेहमीपेक्षा मोठा, मधेच कापरा होणारा. तिनं कान झाकले नाहीत. हात वल्ह्यांवर होते ना! ऐकत ऐकत घरी आली आणि चूल न पेटवताच बसून राहिली.

अशीच वर्षं गेली. तिच्या केसांत पांढरं आलं, त्याच्याही.

मग तो श्रावण आला. डोंगरातलं पाणी खाडीत उतरलं ते उतरेचना. तर बंद झाली, होड्या ओढून वर ठेवल्या. पलीकडच्या घरांतली पुस्तकं वाचून संपली. जनार्दन आहे तेच पुन्हा पुन्हा वाचत राहिला. पावसाच्या आवाजातूनही तेवढा धागा या काठापर्यंत यायचा आणि येसू पडवीत बसून तो धरून ठेवायची.

एके दिवशी आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

येसू उठली. वाचनालयात जाऊन म्हणाली, "नाना, हंडा भरून द्या. सगळ्यांची द्या."

"अगं, पाणी बघितलंस का? कुणासाठी निघालीस?"

"सगळ्यांसाठी," येसू म्हणाली आणि तिनं मान खाली घातली. नानांनी हंडा भरला. मेणकापड त्यांनी स्वतःच्या हातानं बांधलं.

तिनं होडी लोटली. खरं तर सरळ टोकाला जायचं, पण ती वाडी वाडी करत गेली. एकालाही वगळलं नाही. आता पार वाकून गेलेल्या बयोआजीनं तिचे ओले हात स्वतःच्या पदरानं पुसले आणि म्हणाली, "राहा गो आज इथंच." येसू राहिली नाही. बांध ओलांडला आणि पावसाची अशी झड आली, की काठ दिसेनात. ना हा, ना तो. पाण्याची ओढ होडीला समुद्राकडे खेचायला लागली. कुठे वल्हवायचं तेच कळेना. तेव्हा तिनं वल्हं उचललं आणि हंड्यावर मारलं. घण्ण! पुन्हा मारलं.

सुरंगवाडीत जनार्दन भिंतीकडे तोंड करून पडला होता. वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि बोलण्याजोगं तर आधीच नव्हतं. आईनं भरवलेला घासही तो परतवत होता. हंड्याचा आवाज त्यानं ऐकला. हातांनी अंग ओढत तो खिडकीशी आला, दोन्ही दारं उघडली. समोर नुसतं पांढरं. हातात पुस्तक नाही.

मग तो पाठ म्हणायला लागला. तिनं आणलेलं पहिलं पुस्तक, पहिल्या ओळीपासून. ते संपलं तेव्हा दुसरं, मग तिसरं. इतक्या वर्षांत तिच्या हातून आलेलं सगळं त्याच्या आत होतं, ते सगळं त्यानं बाहेर काढलं. पाऊस तोंडावर येत होता, घसा सोलून निघत होता. आई म्हणाली, "पुरे रे आता." तो थांबला नाही. आणि येसू होडीचं नाक त्या आवाजावर धरून वल्हवत राहिली. असं म्हणतात, की ओढ उलटी फिरली नाही, पाणी दुभंगलं नाही, काही झालं नाही. पाण्याच्या उरावर आवाजाची एक पायवाट तेवढी उमटली आणि तिच्यावरून होडी आली.

तिन्हीसांजेला ती दारात उभी राहिली. नखशिखांत भिजलेली, हातात कोरडं पुस्तक. जनार्दननं तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. आवाजच संपला होता, आणि पुन्हा कधीच परत आला नाही.

या वेळी येसूनं काही विचारलं नाही. होडी माडाला बांधली आणि आत आली. आईनं तिसरं ताट वाढलं.

पाणी उतरल्यावर करंजखोलची माणसं येसूचं प्रेत शोधायला निघाली. टोकाला आली तर माडाला होडी. खिडकीतून बाईचा आवाज येत होता, एकेक अक्षर जोडत, अडखळत. येसू वाचत होती. चुकली की जनार्दन बोटानं मागचा शब्द दाखवायचा आणि हसायचा. माणसं माडाशीच थांबली. कुणी हाक मारली नाही. परत जाताना त्यांनी वाडी वाडीतून वाचून झालेली पुस्तकं गोळा केली, आणि पुढच्या आठवड्यात नवी घेऊन गावातलीच माणसं आली. एका होडीत तर नाना लिमये स्वतः होते, छत्री पुस्तकांवर आणि आपण पावसात.

जनार्दन फार जगला नाही. पुढच्या उन्हाळ्यात तो गेला, तिच्या मांडीवर डोकं ठेवून. त्याची आई असेतो येसूनं तिचं सगळं केलं आणि मग पुन्हा वल्हं धरलं. पण आता टोकाला तिची वाट बघायला कुणी नव्हतं. शेवटच्या घरी बसून वाचून दाखवायची तिच्या जिवाला सवय लागली होती, ती मोडवेना. म्हणून ती फेरी उलटसुलट करायला लागली. आज खारवाडी शेवटी, तर पुढच्या खेपेला आंबेरीची वाडी. ज्याचं घर शेवटी येई त्याच्याकडे ती दिवस मावळेपर्यंत बसायची, अडखळत वाचून दाखवायची. त्या घरालाही वाटायचं, आज आपल्याकडे कुणीतरी आलंय, आणि उठून जायची घाई नाही.

एका सकाळी धुक्यात तिची होडी सुरंगवाडीच्या दिशेनं जाताना लोकांनी पाहिली. तिथं आता पुस्तक द्यायला तर कुणी नव्हतं. ती परत आली नाही. होडीही मिळाली नाही. धुक्यात वाट चुकलेले कोळी सांगतात, की वल्ही टाकून गप्प बसलं तर कुणीतरी वाचत असल्यासारखं ऐकू येतं, कधी पुरुषाचा आवाज, कधी बाईचा. तिकडे होडी धरली की काठ लागतो.

आता खाडीवर पूल आहे. वाचनालयाला नवी इमारत आहे. दर गुरुवारी पिशव्या भरून माणसं निघतात, कुणी सायकलवर, कुणी स्कूटरवर. ज्यांना उंबरा ओलांडवत नाही त्यांच्या घरी पुस्तकं जातात. फेरीला येसूची फेरी म्हणतात, आणि फेरीची एक रीत आहे. शेवटचं घर दर वेळी वेगळं असतं. तिथं पुस्तक देऊन निघायचं नाही. चप्पल काढायची, बसायचं, आणि अंधार पडेतो वाचून दाखवायचं.

म्हणून गुरुवार आला की खाडीकाठची म्हातारी माणसं दुपारपासून दाराकडे डोळे लावून असतात. पुस्तक मिळणार हे त्यांना ठाऊक असतं. तरी पिशवीवाली मुलगी पायरी चढली की पुस्तकाचं नाव कुणी विचारत नाही. सगळी आधी तेवढंच विचारतात:

"आज शेवटचं घर माझंच ना गो?"