अनसूयेची विहीर

या ओसाड माळावर एवढी रुंद, एवढी खोल विहीर कुणी खणली, असं येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. दगडावर कुणाचं नाव नाही. पण आम्ही हिला अनसूयेची विहीर म्हणतो.

फार जुनी गोष्ट. खालच्या ओढ्याच्या वाळूत सोन्याचे कण सापडले आणि बघता बघता इथं झोपड्यांचं गाव उभं राहिलं. सोनं शोधायला कुठून कुठून माणसं आली. त्यांच्या मागोमाग एक नाटक मंडळी आली. अनसूया काणकोणकर ही त्या मंडळीतली पोरसवदा मुलगी. तेव्हा नायिकेचं काम पुरुषच करायचे. अनसूया पडद्यामागून नुसता सूर धरायची. पण इथं आल्यावर नायिका होणाऱ्या नटानं शालू उतरवला, कुदळ घेतली आणि तो ओढ्यात उतरला, तो परतलाच नाही. मंडळीच्या मालकांनी तोच शालू अनसूयेला नेसवला.

पहिल्या दिवशी लोकांनी हुर्यो केली. तिनं डोळे मिटून पद सुरू केलं. ते संपलं तेव्हा घरदार सोडून आलेली ती दांडगी माणसं डोळे पुसत होती, म्हणे. मग रोज तिच्या पायाशी सोन्याचे खडे पडू लागले.

सोनं धुऊन धुऊन ओढ्याचं पाणी मात्र नासलं होतं. त्यातूनच पटकी आली. अनसूयेला गाणं शिकवणारी तिची मावशी तिच्याच मांडीवर गेली. शेवटपर्यंत ती घोटभर चांगलं पाणी मागत होती.

सुतक न पाळता अनसूया रंगमंचावर आली. खडे पडले. तिनं ते पदरात गोळा केले आणि खणणाऱ्यांचा म्होरक्या यल्लाप्पा याच्या पुढ्यात ओतले.

“सोनं तुमचं तुम्हाला. मला विहीर द्या.”

“पण बाई, पाणी कुठं लागेल ते कुणाला ठाऊक?”

“सोनं कुठं लागेल ते तरी कुठं ठाऊक असतं? खणताच ना? तुम्ही खणाल तोवर मी काठावर बसून गाईन.”

माणसं खणू लागली. खाली नुसता कातळ. धुळीत बसून ती गात राहिली. अखेर झरा फुटला, पण तोवर तिचा आवाज पार बसला होता.

“पोरी, गळा घालवलास. आता पुढं काय करशील?” मालक कळवळून म्हणाले.

ती ओंजळीनं पाणी पीत राहिली.

आवाज परतला, पण त्यात कायमची खरखर राहिली. इकडं सोनं संपलं, माणसं पांगली. पुढं मोठ्या शहरांत अनसूयाबाईंचं नाव झालं ते त्या खरखरीमुळंच, असं सांगतात. कधी प्रेक्षकांत इथला एखादा म्हातारा खणकर असायचा. तो शेजाऱ्याला म्हणायचा, “ही आमच्या माळाची धूळ आहे बरं का!”

आजही इथं नाटक आलं की नायिका आधी विहिरीच्या काठावर बसून एक पद गाते. तेव्हा कुणी टाळी वाजवत नाही, की गाणं ऐकायला थांबत नाही. बायका कळश्या भरत राहतात. अनसूयेनं इथून जाताना एवढंच मागितलं होतं, म्हणे: माझ्या गाण्यासाठी कुणी पाणी भरणं थांबवू नका.