खराटा न लागणारी राई

झरजाईच्या राईत पाऊल टाकले की पाय घोट्याच्या वरपर्यंत पाल्यात जातो. ऐनाचा, किंजळीचा, सातविणीचा, वर्षानुवर्षे साचलेला पाला. देवीच्या पाषाणावरसुद्धा पाने पडलेली असतात, ती कुणी उचलत नाही. शहराकडची माणसे येतात, नाक मुरडतात, आणि एखादा तरी म्हणतोच, "एवढी जागृत देवी, मग जरा झाडून घ्यायला काय होतं?" हे ऐकून ऐकून भिकूतात्या गुरव विटले आहेत. कुणी हौशी पाहुण्याने पायाने पाला बाजूला सारलाच, तर ते त्याच्यावर खेकसतात, मग स्वतःच वरमतात आणि दगडावर बसून एका बाईची हकिगत सांगतात. मोबाइल खिशात घालायला लावतात ते वेगळेच.

फार मागे, या खोलवणे गावात आवडी नावाची बाई होती, असे सांगतात. तिची तीन बाळे बारशाआधीच गेली. एवढ्या लहानांना जाळत नाहीत, म्हणून राईच्या खालच्या कडेला, एका किंजळीच्या बुंध्याशी त्यांना पुरले होते. चौथी मुलगी झाली, आणि तीही तापाने फणफणली, तेव्हा आवडीने देवीपुढे पदर पसरला. "आये, येवढी येक माज्या पदरात ठेव. जित्ती हाय तवर तुजं आंगण झाडीन. पान पडलेलं दिसायचं न्हाय."

पोर वाचली. तिचे नाव नवशी ठेवले.

आवडी शब्दाची पक्की. दुसऱ्याच दिवसापासून ती खराटा घेऊन राईत जाऊ लागली. सणवार असो, अंगात कणकण असो, खाडा म्हणून नाही. तिने झाडलेली जमीन सारवलेल्या ओटीसारखी दिसे. गाव तोंड भरून कौतुक करी, आणि ते काही नुसते भक्तीपोटी नव्हते. भाताची रोपे करायच्या जागी पाला पसरून भाजतात, त्याला राब म्हणतात. त्या राबासाठी पूर्वी डोंगर पालथा घालून भारे आणावे लागत. आता आवडीने झाडून काढलेले ढीग राईबाहेर आयते पडलेले असत. देवीच्या पाल्याला हात लावावा की नाही, असे एखाद्याच्या मनात आलेही असेल. पण झाडून टाकलेला तो केर, त्याला कसला दोष? माणसे टोपल्या भरभरून नेत आणि शेतात जाळत.

अशी वर्षे गेली. नवशी मोठी झाली, लग्न होऊन पलीकडच्या गावी गेली. राईतली जमीन मात्र टणक होत चालली होती. पाऊस तिच्यात मुरेना. पाणी वरच्या वर धावत ओहोळात जाई आणि जाताना माती घेऊन जाई. मुळे उघडी पडली. पावसाळ्यात उगवणारी अळंबी दिसेनाशी झाली, मोठ्या ऐनाचा शेंडा वाळला. राईच्या पोटातून येणाऱ्या झऱ्यावर सगळे गाव जगत होते. तो आधी वैशाखात आटू लागला, मग चैत्रात, पुढे तर शिमग्यातच.

गावाने देवीला कौल लावला. देवी नाराज आहे का, एवढेच विचारले, आणि होकार आला. कशावरून नाराज, हे विचारायचे कुणाला सुचले नाही, म्हणे. सगळ्यांनी आपल्या मनाने ठरवले की सेवेत कसूर होते आहे. आवडी बिचारी दोन वेळा झाडू लागली.

त्याच उन्हाळ्यात नवशी पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. झऱ्यात ठणठणाट होता. पाणी आणायचे ते नदीच्या डोहातून, आणि त्यातच गुरे बसत.

"आये, ह्या पान्याला वास येतो गो."

"डोळे मिटून पी बाय. दुसरं कुठून आनू?"

त्या पाण्याने गावात पटकीची साथ आली. नवशी पोटातल्या जिवासकट गेली. ज्या एका लेकीसाठी नवस बोलली, तिच्या ओठांना आवडीने आपल्या हातांनी ते पाणी लावले होते. हे दुःख वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. 

सुतक फिटल्यावर आवडी राईत गेली ती देवीशी भांडायला. खराटा पाषाणापुढे आपटून तिने जाब विचारला, "मी माजा शब्द पाळला, तू का न्हाय पाळलास?"  दृष्टान्त झाला नाही, कुणाच्या अंगात आले नाही. दमून ती खालच्या कडेच्या किंजळीपाशी जाऊन बसली.

तेवढ्याच जागी तिने कधी खराटा लावला नव्हता. निजलेल्या पोरांच्या अंगावरचे पांघरूण कोणती आई ओढते? तिथे पाला गुडघाभर साचला होता. बसता बसता तिचा हात आत गेला. वर कोरडी पाने, त्याखाली कुजत आलेली, त्याखाली नुसत्या शिरा उरलेली, आणि तळाशी काळीभोर माती. ऐन वैशाखात ओली! त्या मातीत गांडुळे वळवळत होती, बुरशीचे पांढरे धागे मुळांना बिलगले होते. तिने वर पाहिले. सगळ्या राईत ती एकच किंजळ हिरवीगार होती.

पान झाडाचेच होते. खाली पडून, कुजून, ते पुन्हा झाडाच्याच पोटात जायचे. आवडी तो घास रोज काढून घेत होती.

तिने गावासमोर उभे राहून सांगितले, "देवीच्या त्वांडचा घास मी काडून न्हेला, आनि तुमी तो जाळलात." गावाला यातले पहिले पटले, दुसरे नाही. त्यांनी तिला वाळीत टाकले.

मग ती एकटीच डोंगरातून पाल्याचे भारे आणून राईत पसरू लागली. वाऱ्याने उडाला की पुन्हा आणी. कुणी मदतीला आले नाही, आणि ती मरेपर्यंत झऱ्याला पाण्याचा टिपूसही वाढला नाही. मला जाळू नका, एवढेच तिने सांगून ठेवले होते. तिला किंजळीखाली पोरांजवळ पुरले. राईतला पाला नेणे थांबवण्याइतके गाव शहाणे झाले ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी, आणि तेही पश्चात्तापाने नव्हे, तहानेने.

आजही झरजाईपुढे कुणी नवस बोलत नाही. झरा परतला आहे, पण पुरता नाही. वैशाख सरता सरता तो आटतो आणि मृगापर्यंत नदीच गाठावी लागते. त्या दिवसांत खोलवण्यात गरोदर लेकीला माहेरी आणत नाहीत. एखादी आपणहून आलीच, तर आई तिला उंबरा ओलांडू देत नाही. दारातच तिला पोटाशी धरते, रडते, आणि घोटभर पाणीही न देता परत पाठवते.